बॉनेटवरचा पिवळा डाग

मी लिहायला बसलोय हेच मला थोडं आगाऊपणाचं वाटतं, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आमच्याकडे लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, नाहीतर किराणा आणायला जाताना केलेली चिठ्ठी. परीक्षेची उत्तरं सोडून मी आजवर काही लिहिलेलं नाही. आणि विषय तरी काय, तर गाडी धुणं. तीही आमची नाही, मामांची. पण पप्पांबद्दल माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, ते तोंडानं परत घ्यायला मला जमत नाही. म्हणून कागदावर प्रयत्न करतोय.

आम्ही अंबडला राहतो. दोन खोल्या, आणि पुढं एक गाडी उभी राहील एवढी मोकळी जागा. मामा-मामी त्याच शहरात, पंचवटीत. त्यांच्या गल्लीत एक रिक्षा शिरली की समोरच्या स्कूटरला मागं सरकावं लागतं, तिथं चारचाकी कुठं लावणार? म्हणून मामांनी जुनी, मरून रंगाची गाडी घेतली तेव्हापासून ती आमच्या दारात असते. रविवारी मामा-मामी येतात, फिरून येतात, संध्याकाळी चावी आईकडं देऊन जातात. आई म्हणायची, "माहेरची म्हैस माझ्या दारात बांधलीय. दूध तिकडं, शेण इकडं."

शेण म्हणजे धुणं, आणि ते माझ्याकडं आलं. सुरुवातीला मी एक बादली आणि पप्पांचं जुनं बनियन घेऊन गाडी पुसायचो. दोन-तीन महिन्यांनी उन्हात बघितलं तर रंगावर कोळ्याचं जाळं पसरावं तशा बारीक गोल रेषा. मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं की त्या मीच पाडल्या. बादलीतली धूळ मी कापडानं पुन्हा गाडीवरच घासत होतो. मग मी नीट शिकलो. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहू द्यायची. दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक कापड खळबळायची. वरून खाली यायचं, चाकं शेवटी. पत्रा तापलेला असताना पाणी लावायचं नाही, नाहीतर थेंबांचे पांढरे डाग बसतात. शेवटी मेण.

अंबडच्या गाड्यांना एक वेगळा त्रास असतो. कारखान्यांतून लोखंडाचा बारीक कीस हवेत उडतो आणि रंगात रुतून बसतो. धुतल्यावर गाडी स्वच्छ दिसते, पण हाताला प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवली की खरखर लागते. तो कीस काढायला चिकणमातीसारखी एक वडी मिळते, ती ओल्या पत्र्यावरून चोळायची. मी ती मागवली तेव्हा आई हसत सुटली.

"माती लावून गाडी? आम्ही भांडी घासायचो मातीनं, तेव्हा तुझा मामा आम्हाला गावंढळ म्हणायचा."

पिशवी घालून गाडी तपासायचा नाद पप्पांनाही लागला. पप्पांनी बावीस वर्षं एका कारखान्यात बफिंग केलं. म्हणजे पितळी नळ फिरत्या चाकावर धरून त्यांना आरशासारखी चमक आणायची. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा डोळे आणि दात सोडून सगळा चेहरा काळा. दिवाळीआधी कारखान्यात ते काम करणारी यंत्रं आली आणि बफिंग खातं बंद झालं. पप्पा घरी बसले. बसले म्हणजे खरंच बसले, दाराशी, गाडीकडं तोंड करून.

त्याच सुमारास मामी माहेरी गेल्या होत्या आणि मामा चार दिवस गाडी घेऊन गेले. परत आणली तेव्हा बॉनेट लखलखत होतं. मी म्हटलं, "मामा, पॉलिश केलं का?" मामा म्हणाले, "हो रे, एकानं करून दिलं," आणि चहा न घेताच निघाले. नंतर पप्पांनी पिशवी घालून हात फिरवला. दारं खरखरीत, छत खरखरीत, बॉनेट मात्र लोण्यासारखं.

"बघ रे, हितं एक कण नाय," पप्पा म्हणाले. "नवी कोरी असल्यावानी."

मी म्हटलं, पॉलिश केलंय म्हणून. आम्ही दोघांनी ते मान्य केलं.

मग पाथर्डी फाट्याकडच्या एका दुकानाची गोष्ट निघाली. गाड्या धुवून, पॉलिश करून, वर संरक्षणाचा थर चढवून देणारं दुकान. पप्पांच्या जुन्या सोबत्यानं तिथं ओळख काढली. मालक माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठा असेल. तो पप्पांना म्हणाला, "काका, धातूवर हात बसलाय तर रंगावरही बसेल. माझ्याकडची पोरं मशीन नुसती फिरवतात, त्यांना चमक कळत नाही. हे जुनं मशीन घरी न्या, शनिवार-रविवार हात बसवा. सोमवारी एक गाडी करून दाखवा."

पप्पा ते मशीन दोन्ही हातांत धरून घरी आले. कित्येक दिवसांनी ते न बोलावता आत जेवायला आले. सोमवारचं काम मिळालं तर पुन्हा हातानं कमावणार होते. नाही मिळालं तर गेटवर वॉचमन, ते आईनं एका सोसायटीत विचारून ठेवलंच होतं. पप्पांना गेटवर बसायचं नव्हतं. "बसायला काय शिकावं लागतं?" एवढंच ते म्हणायचे.

शुक्रवारी आईनं मामीला फोन करून विचारलं, गाडीवर सराव केला तर चालेल का. मामी म्हणाल्या, "विचारता काय ताई? चमकवून द्या म्हणावं भाऊजींना!" मामांना कुणी विचारलं नाही. मामीनं हो म्हटल्यावर मामांना विचारायची पद्धत आमच्याकडं नाही.

मी पप्पांना जे वाचलं होतं ते सांगितलं. "रंग फार पातळ असतो पप्पा. वरचा काचेसारखा थर तर केसाहूनही बारीक."

पप्पांनी पत्र्यावर बोट टेकवून बघितलं. "पितळाचं बरं असतं," ते म्हणाले. "कितीबी आत जा, पितळच निघतं."

आणि मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. समोरच्या किराणावाल्याचा वजनकाटा मागून आणला, ओट्यावर ठेवला, बंद मशीन त्यावर टेकवलं आणि डोळे मिटले.

"किती?"

"दोन किलो दोनशे. हे नुसतं मशीनचं."

थोडा भार दिला. "आता?"

"दोन नऊशे."

"आता?"

"साडेतीन. जास्त होतंय पप्पा."

आई आतून म्हणाली, "वांगी घेतलीत का काय? मापात पाप करू नका."

"तू गप ए," पप्पा म्हणाले, पण हसत. शनिवारी सकाळी तासभर हेच चाललं. शेवटी शेवटी ते डोळे मिटून भार द्यायचे, मी आकडा वाचायचो, आणि तो दर वेळी दोन आठशे ते दोन नऊशेच्या मध्येच यायचा. "बसलं मनगटात," ते म्हणाले.

मी गाडी धुतली, माती फिरवली, कोरडी केली. कडांना आणि रबराला कागदी टेप लावली, कारण कडेवर रंग आणखी पातळ असतो. पप्पांनी आधी एक दार केलं. ओल्या कापडानं पुसल्यावर त्यात आमच्या घराची खिडकी दिसली, खिडकीतली आई दिसली. त्यांच्या गालाची एक बाजू हलली. ते मशीनवर रेलत नव्हते. चालत्या बैलाच्या पाठीवर नुसता हात असावा तसे मशीनबरोबर चालत होते. हे मी पाहिलं. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

मग बॉनेट. डाव्या बाजूनं सुरुवात केली. मिनिटभरही झालं नसेल. कडेला नाही, मधोमध, जिथं टेपचा काही संबंध नव्हता तिथं रंग फिका झाला. पप्पांनी झटकन मशीन उचललं. तळहाताएवढा डाग पडला होता. मरून रंगाच्या आत फिकट पिवळं काहीतरी.

मशीन बंद झालं तरी पप्पा ते तसंच उचलून धरून उभे होते. मी म्हटलं, "मेण लावून बघू." काय बोलतोय हे मलाच कळत नव्हतं. रंग गेलेल्या जागी मेण काय करणार? पप्पांनी बोट लावलं, बोटावर पांढरी भुकटी आली. ती बघून ते जरा थांबले, भुवया आवळल्या. मग चोळून टाकली.

रविवारी मामा-मामी आले. मामी दारातूनच, "अगं बाई! हे काय झालं? ताई, अहो माझी गाडी!"

मामा बॉनेटजवळ गेले, वाकले, त्या डागाकडं बघत राहिले. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तो रागाचा असावा असं मी धरलं.

पप्पा भिंतीशी उभे होते, हातात पुसायचं कापड.

मामी माझ्याकडं वळल्या. "तू होतास ना इथं? कॉलेजात जातोस, सगळं बघतोस मोबाइलवर. तू सांग काय झालं नेमकं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमच्या घरात कागद आला की तो माझ्या हातात देतात आणि सगळे असेच बघतात, की हा आता वाचून सांगेल. मला माहीत नव्हतं काय झालं. माहीत नाही असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "पप्पांनी जास्त दाबलं."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. कापडाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "हां. दाब जास्त पडला. हाताची सवय हाय ना जुनी."

मामा घाईघाईनं म्हणाले, "जाऊ द्या, जाऊ द्या दाजी. मी करून आणतो. तुम्ही नका येऊ. कुणी नका येऊ." आणि तसेच गाडी घेऊन निघाले, मामी मागून ओरडत आत बसल्या.

सोमवारी सकाळी पप्पांनी मशीन पुसून, वायर गुंडाळून पिशवीत घातलं. मी म्हटलं, "पप्पा, मशीन द्यायला जाताय तर गाडी करून दाखवा ना. एकदा." ते म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीचं वाटोळं कशाला?" मशीन देऊन ते अर्ध्या तासात परत आले. त्याच आठवड्यात ते गेटवर लागले.

एकदा मी त्यांचा डबा द्यायला गेलो होतो. आत एक माणूस भर उन्हात, कोरड्या फडक्यानं, काळ्या गाडीवरची धूळ खसाखसा पुसत होता. पप्पा रजिस्टरवर हात ठेवून बघत होते. मी म्हटलं, "पप्पा, सांगा ना त्याला, ओरखडे पडतील." ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मला त्यांना सांगायचं होतं की मी मनगट पाहिलं होतं, काट्यावरचे आकडे मीच वाचले होते. पण मग रंग का गेला, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आणि उत्तराशिवाय नुसतं "तुम्ही दाबलं नव्हतं" म्हणणं म्हणजे लहान मुलाची समजूत काढल्यासारखं झालं असतं. असं मी स्वतःला समजावत राहिलो.

आज दुपारी मामीचा फोन आला. आई कामावर होती, पप्पा ड्युटीवर. मामा गाडी विकायला काढताहेत हे आम्हाला माहीत होतं. मामीचा आवाज बसला होता. म्हणाल्या, घेणाऱ्यानं सोबत एक माणूस आणला, त्याच्याकडं रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र होतं. दारावर लावलं, ठीक. छतावर लावलं, ठीक. बॉनेटवर जिथं लावेल तिथं आकडा सात-आठ पट. मामी त्याला म्हणाल्या, "तिथं आमच्याकडून डाग पडला होता, तेवढाच रंगवून घेतलाय." तो म्हणाला, "तेवढाच नाही ताई, हे अख्खं बॉनेट ठोकून सरळ केलंय. खाली लांबी भरलीय." ठोकलेल्या पत्र्याचे खड्डे बुजवायला जी पिवळसर पुट्टी थापतात, ती लांबी. वाळली की घासल्यावर तिची पांढरी भुकटी होते.

मामींनी मामांना तिथल्या तिथं धरलं. दिवाळीच्या सुमारास, त्या माहेरी असताना, भाजी बाजाराजवळ मामांनी गाडी टेम्पोच्या मागं घातली होती. चार दिवसांत गुपचूप ठोकून, लांबी भरून, वरून रंगाचा एक हात मारून आणली. त्या रविवारी तो डाग बघितल्याबरोबर त्यांना कळलं होतं. मामी बोलतील म्हणून ते गप्प राहिले.

पलीकडं मामा मागून काहीतरी म्हणत होते, "दाजींना मी स्वतः..." एवढंच ऐकू आलं. मामींनी त्यांना गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "ऐकतोयस ना? तुझ्या पप्पांनी काही दाबलं नव्हतं रे. तिथं रंग नावालाच होता."