पारूबाईनं न छाटलेली बाभूळ

पारूबाईकडं जमीन नाही. पाच शेळ्या आहेत, आणि जीभ मात्र दहा एकरांच्या मालकिणीची. पिशोरजवळ नदीचं पाणी धरणाच्या फुगवट्यात पसरून दलदल झालीय, त्या काठच्या गायरानात तिची उभी हयात गेली. तिथल्या शेळ्यावाल्यांचा एक रिवाज आहे. बाभळी वाटून घ्यायच्या आणि उन्हाळ्यात बांबूला विळा बांधलेल्या आकडीनं आपापल्या झाडाचा पाला पाडायचा. ज्यानं झाड छाटलं नाही, त्याचा त्यावरचा हक गेला.

पारूबाईच्या वाट्याला चार बाभळी. त्यातल्या पाण्याकडच्या बाभळीवर चार वर्षांपूर्वी गरुडाच्या जोडीनं घरटं बांधलं, तेव्हापासून तिनं त्या झाडाला आकडी लावली नाही. यंदा मार्चात, घरट्यात पांढरं पिल्लू असताना, चाळीस शेळ्यांच्या मोतीरामनं नेमका त्याच झाडावर हक सांगितला. सगळ्यात जुने शेळीवाले आप्पासाहेब, त्यांच्यासमोर गायरानातच बैठक बसली.

"मावशे, बाजूला कडूलिंब हाय की. गरुडाला काय, कुठंबी बसंल," मोतीराम म्हणाला.

"कुठंबी? तू बसशील कुठंबी!" पारूबाई उसळली. "लिंब दाट, त्यात त्याचे पंख शिरत नाय. निलगिरी उंच, पण काड्या टेकवायला बेचकं नाय. ही बाभूळ एकटी उभी. म्होरं पाण्यावर बदकं, मागं रानात उंदरं, खाली काटं, रानमांजर चढत नाय. चार साल बघतेय मी. तू कधी मान वर केलीस का?"

लोक हसले. आप्पासाहेब मात्र रिवाज सोडीनात. छाटलं नाही, हक गेला.

मोतीराम मिशीत हसला. "एवढाच जीव हाय तर तुझ्या बाकीच्या तीन बाभळी मला दे, ही ठेव."

ती तीन झाडं म्हणजे शेळ्यांचा अख्खा उन्हाळा. बाई आता गप्प बसेल, याची त्याला खात्री होती.

"दिल्या," पारूबाई म्हणाली. "आप्पासाहेब, ऐकलं नव्हं? आता हिला आकडी लावायची का नाय, ती माझी मर्जी."

या बाईवर चिडावं की तिच्या पाया पडावं, गावाला कळेना. दोन्ही करावं, अशीच ती आहे.

एप्रिल सरता सरता पिल्लू उडालं. तोवर शेळ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. पारूबाई त्यांना रोज चरायला लांबच्या ओढ्यापर्यंत हाकत न्यायची, संध्याकाळी पाय सुजायचे. शेवटी मोतीरामलाच ओशाळं वाटलं. तो आकडी घेऊन आला.

"पाखरू गेलं, मावशे. आता तरी छाट. मी पाडून देतो."

शेळ्यांच्या भुकेनं तिचं काळीज तुटत होतं. तरी ती झाडापुढं आडवी उभी राहिली.

"पाखरू गेलं, घर नाय गेलं. दिवाळीनंतर ती जोडी ह्याच घरावर नव्या काड्या रचती. झाड बोडकं दिसलं तर कुठं जातील? बाकी सगळं तर तुम्ही छाटलंय."

सगळ्यात लहान तांबडी शेळी त्या हिरव्यागार बाभळीखाली पाय रोवून ओरडत राहिली. पारूबाईनं तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि सुजलेल्या पायांनी ओढ्याची वाट धरली.