जीप न थांबणाऱ्या वस्तीचे गुरुजी

माने गुरुजींशी माझी पहिली ओळख हलगीमुळे झाली. जूनमध्ये शाळेत पोरं गोळा करायला मास्तर लोक दारोदार हिंडत, पण आमच्या पारधी वस्तीच्या अलीकडूनच मागं वळत. गुरुजी मात्र हलगी वाजवत थेट पालापर्यंत आले. आयांनी पोरं लपवली. बाहेरचा माणूस म्हणजे पोलीस, एवढंच त्यांना ठाऊक. गुरुजींनी हलगी माझ्या गळ्यात अडकवली. वाजवत वाजवत मी शाळेत पोचलो.

पुढं मी कॉलेजात असताना वालचंदनगरच्या रस्त्याला नवी शाळा निघाली. फी नाही, जीपही फुकट, ज्याला हवी त्यानं निवडावी. ऊसवाल्यांची पोरं गेली, मेंढरं सोडून शेतीला लागलेल्यांचीही गेली. गुरुजींच्या वर्गात उरली ती फक्त आमची. दुसऱ्या कुणी त्यांना धरून ठेवलं असतं, कारण पट संपला की शाळा बंद. गुरुजी उलट आईला सांगायला आले, "निवड सगळ्यांना हाय, तर तुमालाबी हाय. सुरेखाला तिकडं घाला."

आई हसली. "निवडायचं आमी, गुरुजी, पर घ्यायचं त्यांनी."

तरी दुसऱ्या दिवशी माझ्या या धाकट्या बहिणीला आणि वस्तीतल्या पोरांना घेऊन गुरुजी रस्त्यावर उभे राहिले. मीही बारामतीचं कॉलेज बुडवून गेलो होतो. जीप जरा हळू झाली.

"हितं थांबा न्हाय, गुरुजी," ड्रायव्हर म्हणाला. "ही बसली तर बाकीची उतरत्यात."

एसटी गाठायला निघालेली माझ्या कॉलेजच्या वर्गातली एक मुलगी जीपमध्ये पुढं बसली होती. तिच्यासाठी मी अजून झुरतो. तिनं मान फिरवली. मी दगड उचलला, तर गुरुजींनी मनगट धरलं.

"टाक खाली. काच फुटली तर त्यांचंच खरं हुईल."

जीप गेली. गुरुजींनी पोरं शाळेत नेली आणि कालचा धडा पुढं सुरू केला.

त्यानंतर मी कॉलेज सोडलं. गुरुजी रागावले नाहीत. संध्याकाळी येऊन नुसते शेजारी बसत.

ते निवृत्त झाले आणि शाळेला कुलूप लागलं. सुरेखा आता खुरपायला जाते. जीप तिच्या समोरून जाते.

गुरुजींच्या साठीनिमित्त आज तुम्ही सगळे जमला आहात. त्या जीपनं पोरं धाडणारेही तुमच्यात आहेत. माझं मागणं एवढंच: गुरुजींचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, आणि ती जीप आमच्या वस्तीवर थांबलेली बघेपर्यंत त्यांना आयुष्य मिळो.

म्हणजे त्यांना फार जगावं लागणार.