तीन नंबरचं उत्तर

भूतबित असलं काही मी मानत नाही, आजही मानत नाही. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की मी आधी त्याचा बीपी विचारतो! सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं कानाच्या मशीनचं दुकान आहे. आवाज कुठून येतो हे शोधणं हाच माझा धंदा... म्हणून तर हे लिहिताना लाज वाटतेय.

कमांडरकाका माझं जुनं गिऱ्हाईक. एकाहत्तरच्या युद्धात लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते. चार विमानं घेऊन जायचे. परतताना ते रेडिओवर "चेक इन" म्हणायचे, की मागचे तिघं क्रमाने नुसता आपला नंबर सांगणार. एकदा काकांनी मागे फिरायचा हुकूम दिला, मग चेक इन म्हणाले, तर तीन नंबर बोललाच नाही. काकांनी पुन्हा पुन्हा विचारलं, पण इंधन संपत आलेलं... उरलेल्या दोघांना घेऊन परतले. तो पोरगा पुन्हा दिसला नाही.

"मी 'मागे फिरा' म्हणालो होतो. पण त्याला ऐकू गेलं असेल का रे?" दर भेटीत मला हेच विचारायचे. त्या पोराच्या आईनेही काकांना हेच विचारलं होतं म्हणे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे काम करणाऱ्या गौराबाईंचा फोन आला. "मशीन बिघडलंय बगा. साहेब सकाळपास्नं 'चेक इन, चेक इन' करायलेत, मी बोललेलं कायबी ऐकू येईना त्यास्नी. लवकर या की!"

अकराला पोचलो. सेल बदलला. आमच्या धंद्यात एक पद्धत असते — स्टेथोस्कोपसारखी नळी मशीनला लावून आधी आपण ऐकायचं, मग पेशंटला द्यायचं. नळीत पंख्याची घरघर, गौराबाईंची भांडी, सगळं स्वच्छ.

समोर काका पुटपुटले, "चेक इन."

जरा खरखर झाली. मग एक तरुण, दमलेला आवाज... "थ्री. आय हर्ड यू, सर."

मी कानातून नळी उपसली. खोलीत आम्ही दोघंच. टीव्ही बंद, मशीन साधं, ब्लूटूथ नाही. पुन्हा लावली, तर फक्त पंखा.

"दादा, त्वांड का उतरलंय तुमचं?" गौराबाईंनी दारातून विचारलं.

काका माझ्याकडेच बघत होते. "काय रे? काही आलं का?"

सांगायला हवं होतं. पण माझं हसं होईल म्हणून घाबरलो. मशीन त्यांच्या हातात देत मोठ्याने म्हणालो, "काही नाही काका, नुसती खरखर होती."

"बरं," म्हणाले, आणि मशीन कानात घालून पुन्हा वाट बघत बसले.

काका आठवड्याभरात गेले. मशीन मी तीनदा खोलून तपासलं, काही सापडलं नाही. तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. मी आधी ऐकायला बसलो नसतो, तर तो काकांच्याच कानात पडला असता. पन्नास वर्षं माणूस एकच गोष्ट विचारत होता, उत्तर आलं, आणि मी म्हणालो... खरखर होती.