दोन वाजताची लिफ्ट

सांगा, दुपारी दोनच्या ठोक्याला हॉस्पिटलची लिफ्ट कोणाची असते? सकाळच्या बाईची की दुपारच्या? कागदावर सोपं आहे: दोनपर्यंत हिची, दोननंतर तिची. पण काकूंना स्टुलावरून उठताना तुम्ही पाहिलं असतं, तर इतक्या चटकन उत्तर दिलं नसतं. दुपारची बाई आत येऊन बटणांच्या पट्टीवर हात ठेवेपर्यंत काकू आपला हात काढायच्या नाहीत. क्षणभर पट्टीवर दोघींचे हात असायचे, मग काकूंचा निघायचा. "लिफ्ट अकेली नाही सोडायची," एवढंच त्या म्हणायच्या. भोपाळच्या साकेत नगरातल्या त्या खाजगी हॉस्पिटलात हा नियम कोणा साहेबाने केलेला नव्हता. लिफ्ट चालवणाऱ्या बायकांनीच तो आपसात पाडून घेतला होता.

काकू आमच्या सोनागिरीतल्या, एक गल्ली सोडून राहायच्या. माहेर नागपूरचं. वडील सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. काकू बारावीला गणितात नापास झाल्या, मग लग्न झालं, मग नवरा गेला, मग लिफ्ट. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं, बसमध्ये स्टॉप सांगावेत तसं, आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "शिकवतेस का गणित? ओपन स्कूलचा फॉर्म भरून राहिले."

मी गणिताच्या शिकवण्या करते. पण मुळात मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कारखान्यात टेक्निशियन आणि संध्याकाळी युनियनचे. आमच्याकडे वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'कामगार बंधूंनो' पासून. त्यामुळे काकूंनी बारावीचं कारण सांगितलं तेव्हा गणिताच्या आधी माझं डोकंच तापलं. हॉस्पिटल आपोआप चालणाऱ्या लिफ्ट बसवणार होतं. लिफ्टवरच्या बायकांपैकी ज्या बारावी पास असतील त्यांना नोंदणीच्या काउंटरवर घेणार, बाकीच्यांना घरी पाठवणार. रोग्याचं नाव आणि वॉर्ड लिहून घ्यायला बारावी कशाला लागते? पेशंटला धक्का न लावता जिला स्ट्रेचर आत घेता येतो, रडणाऱ्या माणसाशी कधी बोलायचं आणि कधी नाही हे कळतं, त्या बाईला काउंटरवर काय अडणार होतं? मी तिथल्या तिथे पत्रक लिहायला घेतलं.

"पत्रक मागून," काकू म्हणाल्या. "आधी फंक्शन."

सगळ्यांनी त्यांना समजावलं होतं की ओपन स्कूलला गणित सक्तीचं नाही, गृहविज्ञान घ्या. दुपारच्या शिफ्टच्या त्यांच्या जोडीदारणीने तेच घेतलं होतं. काकूंनी ऐकलं नाही. "ज्याने पाडलं त्याच्याशीच बोलायचं आहे मला," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी यायच्या, आणि बाबांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूला आमचा अभ्यास चालायचा. एका बाजूला बोनसची मागणी, दुसऱ्या बाजूला एक्स आणि वाय. बाबा लांबून बघायचे आणि म्हणायचे की आमच्या पत्रकांचा इतका अभ्यास आजवर कोणी केला नव्हता.

इनव्हर्स फंक्शन, म्हणजे आल्या वाटेने परत जाणं, त्यांना फार आवडलं. संख्या आत टाकली, दुप्पट केली, तीन मिळवले. आता जी बाहेर आली तिच्यावरून मूळची शोधायची. पाचाचे तेरा झाले. परत येताना काकूंनी आधी अर्धे केले, मग तीन वजा केले, आणि साडेतीन आले. त्या कागदाकडे बघत राहिल्या. मी विचारलं, "काकू, साडी नेसताना शेवटी काय करता?"

"पदर."

"आणि सोडताना आधी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं सोपं होतं तर इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही. तीन आधी काढले, मग अर्धे. पाच आले. तेव्हापासून त्या कुठलंही उत्तर तसंच सोडेनात. गेलेली प्रत्येक संख्या परत आणून बघायच्या. मी म्हणायचे, काकू, परीक्षेत एवढा वेळ नसतो. त्या म्हणायच्या, "आली का नाही बघू तर दे."

मग वर्ग आला. दोनाचा वर्ग चार, उणे दोनाचाही चार. काकू थांबल्या.

"म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचाही चौथ्यावर गेला आणि बेसमेंटवालाही. आता चौथ्यावरून मी कोणाला कुठे सोडू?"

मी म्हणाले, म्हणूनच इथे इनव्हर्स नसतं. हवं असेल तर उणे संख्या सोडून द्यायच्या, फक्त शून्य आणि त्याच्या वरच्या घ्यायच्या.

"बेसमेंटवाल्यांना धरलंच नाही की जमतं," त्या मान डोलावत म्हणाल्या. "आमच्या साहेबांनी शोधलं वाटतं हे."

खरी अडचण आली ती तुकड्यांच्या फंक्शनला. एका संख्येपर्यंत एक नियम, तिथून पुढे दुसरा. कल्पना त्यांना लगेच कळली. भेटीच्या वेळेत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायची, एरवी फक्त बोलावतील तिथे. पण आलेख काढताना जिथे दोन तुकडे भेटतात तिथे एक टिंब भरीव काढायचं, एक पोकळ. भरीव म्हणजे ती जागा या तुकड्याची, पोकळ म्हणजे नाही. काकू प्रत्येक आलेखात दोन्ही टिंबं भरीव काढायच्या. मी खोडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मी विचारलं की हे काय चाललंय.

"दोन वाजता आम्ही दोघी असतो ना?"

मी म्हणाले, लिफ्टमध्ये चालेल. फंक्शनमध्ये एका जागेला एकच उत्तर.

"मग दोन्ही पोकळ ठेवले तर?"

"तेही चालतं. पण मग त्या जागेला फंक्शनच नसतं. तिथे कोणीच नाही."

 काकू पोकळ टिंब पेन्सिलने हळूच गोल करत म्हणाल्या, की हे जास्त वाईट आहे.

हॉस्पिटलची नोटीस लागली ती त्याच आठवड्यात. काकूंनी ती मोबाइलवर टिपून आणली. हिंदीत होती. तीस जूनच्या आधी बारावी पास झालेल्यांना काउंटरवर घेण्यात येईल, तीस जूननंतर पास झालेल्यांचा विचार होणार नाही. मी वाचली आणि नेहमीसारखी भडकले. काकूंनी वाचली आणि विचारलं, "तीस जूनचं टिंब कुठे आहे?"

मी पुन्हा वाचलं. दोन्ही टिंबं पोकळ होती. आणि ओपन स्कूलचा निकाल जूनअखेरीस लागणार अशी बातमी होती.

माझं पत्रक तयारच होतं. 'माणसाला काढून यंत्र बसवणाऱ्यांनो' अशी सुरुवात. काकूंनी ते लक्ष देऊन वाचलं आणि 'सर्व भगिनींना न्याय' या ओळीवर बोट ठेवलं. सर्व म्हणजे कुठून कुठपर्यंत, रात्रपाळीच्या कंत्राटी पोरी त्यात आहेत का, असं विचारलं. त्या नव्हत्या. मला त्यांचं सुचलंच नव्हतं. मी ओळ बदलली. मग मी पत्रकं घेऊन हॉस्पिटलात वाटायला निघणार तोच त्या म्हणाल्या की थांब, आधी मी विचारून येते.

पुढचं मी मॅनेजरच्या खोलीच्या दारात उभी राहून पाहिलं. मॅनेजर बाई चांगल्या होत्या, घाईत होत्या. काकूंनी विचारलं, "मैडम, जो तीस जून को ही पास हुआ, वो किधर जाए?" बाई हसल्या. एका दिवसाने काय फरक पडतो, म्हणाल्या.

"नहीं पड़ता तो लिख दीजिए."

बाईंनी काकूंकडे पाहिलं, मग नोटिशीकडे. भिंतीवरचा कागद खाली उतरवला, 'तीस जून से पहले' मधले शेवटचे दोन शब्द पेनाने खोडून 'तक' लिहिलं, सही केली आणि पुन्हा लावला. माझी पत्रकं पिशवीतच राहिली. ती आम्ही नंतर वाटली, रात्रपाळीच्या पोरींसाठी. त्यांचं काम अजून झालेलं नाही.

निकाल तीस जूनलाच लागला. जोडीदारीण पास झाली. आज ती काउंटरवर बसते, आणि 'तक' या शब्दामुळे बसते. काकू गणितात नापास झाल्या.

मी रडले, त्या नाही. मी विचारलं, पेपर अवघड होता का. म्हणाल्या, अवघड नव्हता, लांब होता. जेवढं सोडवलं तेवढं प्रत्येक परत आणून बघितलं, सगळं बरोबर आलं, आणि घंटा झाली. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हरल्यासारखं काही नव्हतं. कोणाशी तरी मनसोक्त बोलून आलेल्या माणसासारख्या दिसत होत्या. मग म्हणाल्या, "टिंबाचा प्रश्न आला होता. एक पोकळ काढलं. तुझ्यासाठी."

नवीन लिफ्ट बसल्या त्या महिन्यात काकूंनी खोली सोडली. आता त्या नागपूरला बहिणीकडे असतात, सकाळी एका मेसमध्ये पोळ्या लाटतात. पुढच्या परीक्षेचा फॉर्म त्यांनी भरला आहे, विषय तोच. फोनवर शिकवायचा मी प्रयत्न केला. आलेख फोनवरून दिसत नाहीत, आणि त्या दिसल्याशिवाय मानत नाहीत.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी नागपुरात असेल, बारावीचं गणित येत असेल आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या असतील, तर मला कळवा, मी काकूंना विचारून गाठ घालून देते. घड्याळ लावून पेपर सोडवून घ्या, तेवढंच राहिलंय. उत्तरांची उलटतपासणी मात्र बंद करायला लावू नका. त्यांना हात भराभर चालवायला शिकवा.