रोहिदासचं बोट आणि पहिली तार

मला अजून खरं वाटत नाही. एवढा मोठा घोळ आमच्या पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांत, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, वर्षभर सुखाने नांदला आणि आम्हा दोघांपैकी एकालाही दिसला नाही! आणि त्यातला एकजण तर पोटापाण्यासाठी चुकाच शोधतो.

तो एकजण म्हणजे माझा नवरा, रोहिदास. मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ब्रेकचे ब्रॅकेट तपासतो. एखादं भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं दिसलं की अख्खी पेटी माघारी. सुपरवायझर विनवण्या करो, लाइन थांबो, हा बधत नाही. आमची ओळख कंपनीच्या बसमधली, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच चालू राहिलं. माणूस तसा घुम्या. पण सुट्टीच्या दिवशी त्याचा ग्रुप हळदीला, सोसायट्यांच्या कार्यक्रमांना वाजवायचा, आणि हातात इलेक्ट्रिक गिटार आली की हा वेगळाच कोणी व्हायचा. मी त्या वेगळ्या माणसाशीच लग्न केलं, असं मी त्याला चिडवायचे.

गेल्या वर्षी कंपनीत क्लॅम्पमध्ये त्याच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सापडलं. हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोट जरा वाकडं दिसत होतं, पण डॉक्टरांनी मूठ वळवून पाहिली आणि म्हणाले, "झालं, वाजवा खुशाल." याने घरी येऊन गिटार काढली, आणि पहिली तार, म्हणजे सगळ्यात बारीक, मेल्यासारखी वाजली. बाकीच्या खणखणीत. ती तार दाबून बाजूला ओढली की आवाज भरायचा, सरळ दाबली की पुन्हा गेला.

"ओढताना शेजारची बोटं मदतीला येतात," रोहिदास म्हणाला, "एकट्या या बोटात दमच ऱ्हायला नाही."

पटण्यासारखंच होतं. मलाही पटलं. मग रबरी चेंडू दाबणं झालं, शेक झाला, तेल झालं. डॉक्टर पुन्हा म्हणाले, बोटाला काही झालेलं नाही. हा घरी येऊन म्हणाला, "डॉक्टर म्हणू दे काहीबी, कान खोटं सांगत नाही." काही महिने तशीच वाजवली, आणि एक दिवस ग्रुपला सांगून टाकलं की दुसरा बघा. कोणी हूं की चूं केलं नाही. मला त्या सगळ्यांचा असा संताप आला! त्यानंतर हा डावा हात खिशात घालून फिरायला लागला. शेवटी गिटार विकायची जाहिरात टाकली.

घ्यायला आला तो क्षितिज, पिंपळे सौदागरचा, आयटीतला मुलगा. रोहिदासला ते बघवणार नव्हतं. "मी भाजी घेऊन येतो, तू देऊन टाक," म्हणाला आणि पिशवी घेऊन सटकला. मी अ‍ॅम्प लावला. मला वाजवता येत नाही, पण माल चालू आहे हे दाखवायला मी सगळ्यात जाड तारेपासून एकेक तार छेडत खाली आले. पाच तारा दणदणीत वाजल्या. सहावी, म्हणजे तीच बारीक, फुसकी.

पुन्हा छेडली. पुन्हा फुसकी. माझा दुसरा हात गिटारच्या अंगावर होता. त्या तारेवर कोणाचंच बोट नव्हतं!

रोहिदास सूर लावायचा तो अ‍ॅम्प बंद ठेवून, सूर दाखवणाऱ्या क्लिपवरचा दिवा बघून. आणि वाजवताना त्या तारेवर कुठे ना कुठे तेच बोट असायचं. मोकळी तार त्याने कधी ऐकलीच नव्हती.

"वहिनी, हे बघा," क्षितिज वाकून म्हणाला. तारांची थरथर पकडणारा जो पिकअप असतो, त्याच्यावर प्रत्येक तारेखाली एक लोखंडी टिकली होती. मधल्या तारा आपापल्या टिकलीवरून जात होत्या, जाड तार जराशीच बाहेरून. बारीक तार मात्र टिकलीच्या पार बाहेरून. "हा दुसऱ्या गिटारचा असणार. इथे तारा फाकलेल्या आहेत, याच्या टिकल्या जवळजवळ आहेत."

तो पिकअप मीच धरला होता बसवताना! जुना बिघडला, म्हणून प्लास्टर असतानाच ऑनलाइन मागवलेला. स्क्रू भोकांत बरोबर बसले आणि हा क्वालिटीवाला म्हणाला होता, "पास."

रोहिदास दारात दिसताच मी ओरडले, "अरे, तुझ्या बोटाला काही झालेलं नाही!" मोकळी तार छेडून दाखवली. त्याने पिशवी तिथेच टाकली. कॅलिपर आणला, मोजलं. तार टिकलीपासून अडीच मिलिमीटर बाहेर. स्क्रू सैल केले, कागदाची घडी खुपसून पिकअप बारीक तारेकडे रेटला, आणि ते वाकडं बोट तारेवर ठेवून सूर छेडला. आवाज इतका भरून आला की मला रडूच फुटलं. तो हसला नाही, रडला नाही. बोट तसंच दाबून बसला.

मग त्याने संघर्षला फोन लावला. ग्रुपचा साउंड तोच बघतो. फोन स्पीकरवर होता.

"संघर्ष, बोट ठीक हाय रे. पिकअप चुकीचा बसवला होता मी."

"म्हणजे ती पहिली तार?"

रोहिदास चमकला. "तुला म्हाईत होतं?"

"सगळ्यांनाच ऐकू यायचं, भावा. तुझा आवाज मी मिक्सरवर वाढवत बसायचो. पण तुझ्या त्या बोटाकडे बघून कोणाची जीभ रेटणार? एवढं झालेलं तुझं."

रोहिदासने डावा हात समोर धरून पाहिला.

"माझ्या जागी धड बोटाचा कोणी असता," तो म्हणाला, "तर पहिल्याच गाण्याला थांबवून विचारलं असतंस ना राव, की गिटारला काय झालंय?"