कसरीनं खाल्लेलं नाव

दफ्तरखान्यातल्या पहिल्याच दिवशी मी एक पराक्रम केला. उकडतंय म्हणून पंखा लावला. टेबलावर मोडीतले जुने कागद उलगडून ठेवलेले होते, ते उडू लागले. निवृत्तीला टेकलेले आमचे साहेब कागद अंगाखाली धरायला टेबलावर पालथे पडलेले मी पाहिले. उठून चष्मा सारखा करत ते म्हणाले, "घाम पुसायला रुमाल आणत चला."

ही साताऱ्यातली, नव्वद सालानंतरची गोष्ट. पुढच्या चार वर्षांत मी बरा तयार झालो. बोटाला थुंकी लावून पान उलटायची खोड मोडली, कागदाखाली पुठ्ठा सरकवून उचलायला शिकलो आणि मोडीवरून बाळबोधीत नकला करू लागलो. नकलेखाली माझी सही दिसली की साहेब पुन्हा ताडून बघेनासे झाले. माझ्या सहीला एवढी किंमत कुणी दिली नव्हती. पोरांच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा बायकोच सही करायची.

आमचा एक नियम होता. कसरीनं खाल्लेल्या जागी अंदाजानं काही लिहायचं नाही. भोक जेवढं, तेवढी जागा सोडायची, तिथं पेन्सिलीनं टिंबं द्यायची आणि सगळं तपासून झालं की ती शाईनं गिरवायची.

एकदा सांगलीकडचा माझा मेव्हणा आला. "दाजी, आमच्या गावच्या जत्रंचा जुना कागद तुमच्याकडं हाय म्हणं. पालखीला पयला खांदा कुणाचा, ते हाय त्यात. नक्कल द्या की, लय उपकार हुतील."

कागद निघाला. मजकूर शाबूत होता. फक्त ज्या घराचा मान, नेमक्या त्याच घराच्या नावावर कसर जेवून गेली होती. मी नक्कल केली, सही ठोकली. मेव्हण्याची एसटी चुकू नये या गडबडीत टिंबं गिरवायची राहिली. सासरचं माणूस समोर बसलं की मी जरा जास्तच चपळ होतो.

जत्रा झाली. आठ दिवसांनी त्या गावचे दोन म्हातारे नकलेची झेरॉक्स घेऊन साहेबांपुढं उभे. टिंबं गायब. त्या जागी माझ्या सासुरवाडीचं आडनाव, माझ्याच वळणाच्या अक्षरात. खाली माझी सही.

साहेबांनी अस्सल कागद शेजारी ठेवला. भोकातून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"हे नाव तुम्हाला कुठं दिसलं?"

मी झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "उद्यापासून आवक-जावक बघा," एवढंच म्हणाले.

रविवारी मेव्हण्याकडं गेलो. दारातच सुनावायची म्हणून एसटीत चार वाक्यं घोकली होती. त्यानं आधी चहाच हातात दिला.

"दाजी, तापताय कशाला? आमचं कोण ऐकत हुतं? तुमची सही बघितली आन् गाव गप झालं."

माझा सत्कार केल्यासारखं बोलत होता. आणि तो चहा मी प्यालो, हे सांगायला आजही लाज वाटते.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "तुझ्या भावानं माझा गळा कापला. आता माझ्या हातची नक्कल कुणी घ्यायचं नाही."

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवं, पयला खांदा आमचाच हुता, आमचं आबा सांगायचं. तेवढी जागा तुमीच भरून दिली असती, तर त्या बिचाऱ्याला तुमच्यासारखं अक्षर काढत बसाया लागलं असतं का?"