दोन्ही बाह्या डाव्या

नागोजीअण्णांचं शिंपीकाम संपलं ते एका नवरदेवाच्या कोटापायी. कानडी मुलखातल्या चिकपेटेत वडिलांचं दुकान, ऐन लग्नसराई, आणि चिरंजीवांनी पुठ्ठ्याचा नमुना उलटायचं विसरून दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. नवरदेव शर्टावरच बोहल्यावर चढला आणि अण्णा भूगर्भशास्त्राच्या विभागात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटले. तीस वर्षं दगडांची चित्रं काढली. एकाही दगडानं तक्रार केली नाही.

१९९४ साली पुण्याहून नीरजा नावाची संशोधक आली. तिच्यापाशी मोहरीहून लहान शिंपल्या होत्या, झिंग्याच्या दूरच्या भाऊबंदांच्या, लाखो वर्षांपूर्वीच्या. जिवंतपणी प्रत्येकाला दोन. आता सगळ्या सुट्या. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशातून अण्णांनी त्यांची कड कागदावर गिरवायची. कडेवरच्या ठिपक्यांचे आकडे संगणकात घातले की तो ती रेषा लहानमोठ्या लाटांत मोडणार आणि कोण कोणाच्या गोत्रातला ते सांगणार. अण्णा खूश! पत्रिकाच ही, फक्त दक्षिणा नाही.

दोनशे चित्रं झाली. प्रिंटर करकरला. कागदावर एकेका शिंपलीचा एकेक ठिपका, आणि ठिपक्यांचे दोन पुंजके.

"दिसायला सगळ्या एकाच जातीच्या, मग दोन पुंजके कसे?" नीरजा चाचरत म्हणाली. "रागावू नका अण्णा, पण अर्ध्या चित्रांत तुमचा हात चुकलाय. सोमवारपासून फोटोच घेऊ. तुमच्यासाठी स्टोअरमध्ये काम बघते."

हात चुकलाय? आणि स्टोअरमध्ये जाऊन काय, दगडांना चिठ्ठ्या डकवायच्या?

अण्णांनी सगळे ट्रेसिंग पेपर उचलले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायला लागले. शंभरेक एकमेकांशी तंतोतंत जुळले. चार-पाच सोडले तर उरलेलेही आपापसांत जुळले. मग हात कसला चुकला? चिडून त्यांनी दुसऱ्या गठ्ठ्यातला एक कागद पालथा धरला, आणि तो पहिल्या गठ्ठ्यावर चपखल बसला.

"अय्यो!" अण्णा कॉरिडॉरमधून पळत सुटले. "अक्का, कोट! कोट!"

"कुणाचा कोट?" नीरजा दारातून डोकावली.

"नवरदेवाचा! ही डावी शिंपली, ही उजवी. आपण सगळ्या एकाच हाताच्या समजून मोजल्या. उजव्या तेवढ्या उलट्या करा!"

नीरजानं कपाळावर हात मारला. "आणि दिसेल तशी काढा, उलटीसुलटी करू नका, असं मीच बजावलं होतं."

"मी कुठं काही म्हटलं?" अण्णा म्हणाले. चेहऱ्यानं मात्र सगळं म्हटलं.

उजव्यांचे आकडे उलटवले. प्रिंटर पुन्हा करकरला. अण्णांना धीर निघेना. कागद पुरता बाहेर येण्याआधीच त्यांनी ओढला. एकच पुंजका! छान, गच्च. आणि वर कोपऱ्यात, सगळ्यांपासून फटकून, पाच ठिपके.

"हे पाच कोण?" नीरजाचा आवाज चिरकला. पाचही शिंपल्या एकाच डबीतल्या निघाल्या.

"माझा हात चुकला असेल."

"अण्णा! नवी जात असेल ही! पाचही परत काढा. आत्ताच्या आत्ता."

"सोमवारी फोटो घेणार होतात ना?"

"सोमवार गेला खड्ड्यात!"

"सरी, काढतो," म्हणत अण्णांनी पेन्सिलीला टोक काढलं, आरसा पुसला आणि डबी पुढं ओढली. "आधी सांगा, यातल्या डाव्या किती?"